शवागाराची पोच

माझे बाबा पहिल्यांदा वारले तेव्हा ते माझ्यासमोर बसून चिवडा खात होते. मी लॅपटॉपवर एक बटण दाबलं, पाच हिरव्या खुणांची वाट पाहिली, चार आल्या, आणि म्हटलं, "बाबा, गेलात तुम्ही." ते म्हणाले, "अच्छा. या चिवड्यात शेंगदाणे काहून कमी आहेत?" आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर येऊन ती मला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझं काम असं आहे की ते सांगायला लागलं की पाहुणे "अच्छा, कॉम्प्युटर" म्हणून विषय बदलतात. जबलपूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात विभागागणिक वेगळी कॉम्प्युटर यंत्रणा आहे. नोंदणीची एक, औषधांची एक, रक्तपेढीची, डायलिसिसची, शवागाराची. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या लोकांकडून घेतलेल्या आणि एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या. त्यांच्यामध्ये निरोप नेणारं सॉफ्टवेअर मी सांभाळते. नोंदणीत पेशंट दाखल झाला की निरोप निघतो आणि सगळीकडे जातो. ज्याला मिळाला त्याने पोच द्यायची. पोच आली नाही तर निरोप एका यादीत थांबतो आणि सॉफ्टवेअर तो पुन्हा पुन्हा पाठवत बसतं. पंधरा वर्षं मी हेच करते आहे.

या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की ती आधी टेस्ट मशीनवर चढवायची. तिथे सगळ्या विभागांच्या नकली प्रती असतात, तिथे काहीही मोडलं तरी कुणाचं बिघडत नाही. तिथे पास झालं की मग खऱ्या मशीनवर, ज्याला आम्ही प्रॉडक्शन म्हणतो. टेस्टसाठी पेशंट काल्पनिक घ्यावा असा नियम आहे. पण काल्पनिक पेशंट फार शहाणे असतात. त्यांची जन्मतारीख एकच असते, पत्ता धड असतो, त्यांना कशाची ॲलर्जी नसते. खरा माणूस असा नसतो. खऱ्या माणसाला शाळेतली एक जन्मतारीख असते आणि घरची दुसरी.

बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, तेही तपासनीस म्हणून. माझी कुरकुर ऐकून म्हणाले, "मग माझं कार्ड घे ना. दोन जन्मतारखा आहेत, तीन पत्ते आहेत, सल्फाच्या गोळीने अंगावर गांधी उठतात. याच्यापेक्षा चांगला माल कुठे भेटेल तुला?" मी घेतलं. तेव्हापासून दर नव्या आवृत्तीला मी बाबांना दाखल करायची, रक्त चढवायची, घरी सोडायची आणि शेवटी मारायची, कारण मृत्यूचा निरोप सगळ्यात अवघड असतो. तो एकाच वेळी सगळ्यांना जातो आणि प्रत्येक विभाग त्यावर आपापलं काहीतरी करतो. मग मी जुनी प्रत परत टाकून बाबांना उठवून बसवायची.

आईला हे कधीच पटलं नाही. "जित्या माणसाला मेला लिहून राहिली," ती म्हणायची. बाबा तिला चिडवायचे, "अगं, मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढते म्हणतात. ही मला दर तीन महिन्यांनी मारून राहिली. मी तर शंभरी पार करतो बघ." रात्री त्यांच्या ताटात वाढताना मात्र ती एकदा त्यांच्या मनगटाला हात लावायची.

मग बाबांची मूत्रपिंडं गेली. रविवार, मंगळवार, गुरुवार डायलिसिस, त्याच हॉस्पिटलात. म्हणजे आता बाबा दोन ठिकाणी होते, टेस्टमध्ये नकली आणि प्रॉडक्शनमध्ये खरे, नाव तेच, कार्ड तेच. मी त्याच दिवशी टेस्टचा पेशंट बदलायला हवा होता. चाळीसेक चाचण्या त्यांच्या कार्डावर बेतलेल्या होत्या, पुन्हा कोण लिहिणार, म्हणून बदलला नाही. हा आळस होता आणि त्याला दुसरं काही नाव द्यायची माझी इच्छा नाही.

मोठी नवी आवृत्ती चढवायची होती त्या महिन्यात मी नेहमीप्रमाणे यादी केली. या याद्यांचा मला गर्व आहे. प्रत्येक पायरीला क्रमांक, कोण करणार, किती मिनिटं, आणि फसलं तर मागे कसं फिरायचं. दुसऱ्या शहरात बसलेली आमची टीम माझ्या यादीबाहेर एक बोटही हलवत नाही. वार रविवार ठरला, कारण बाह्यरुग्ण विभाग बंद असतो. गुरुवारी शेवटची रंगीत तालीम झाली. बाबांना मारलं, चार पोचा आल्या, शवागाराची आली नाही. टेस्टमधलं शवागाराचं मशीन जुनं आहे, ते पोच कधीच देत नाही, आम्हाला सवय होती. बाबांना उठवलं आणि तालीम पास म्हणून लिहिलं.

आता आमची एक पद्धत सांगते, कारण सगळं तिच्यावर आलं. टेस्टचं मशीन चांगलं चाललं की आम्ही प्रॉडक्शनसाठी नवं मशीन शून्यापासून बांधत नाही. टेस्टचीच हुबेहूब नक्कल करतो आणि आतले पत्ते बदलून खऱ्या विभागांचे टाकतो. जे चालताना पाहिलं आहे तेच न्यावं, असा विचार. फक्त त्याआधी टेस्टमधली थांबलेल्या निरोपांची यादी रिकामी करायची असते. माझ्या कागदावर ती पायरी एकतिसावी होती; आजवर ती टीममधलं कुणीतरी करायचं, या वेळी ती माझ्याकडे होती.

शनिवारी दुपारी मी ती यादी उघडली. आत एकच निरोप होता. पोच न मिळालेला, गुरुवारपासून दर पाच मिनिटांनी शवागाराचं दार ठोठावणारा. बाबांचं पूर्ण नाव, कार्ड क्रमांक, समोर "मृत्यू", कारणाच्या रकान्यात मीच टाकलेला शब्द, "चाचणी". मी तो निवडून "हटवा" म्हटलं. पडद्यावर प्रश्न आला की हे कायमचं पुसायचं का, आणि खाली पुन्हा बाबांचं पूर्ण नाव.

आतल्या खोलीत बाबा झोपले होते. त्या आठवड्यात त्यांचा रक्तदाब दोनदा मशीनवरच एकदम खाली गेला होता आणि आता झोपेत त्यांचा श्वास मधेच अडून पुन्हा सुरू व्हायचा. मी तो श्वास ऐकत बसले. मी त्यांना कितीदा मारलं होतं, पण पुसलं कधीच नव्हतं. माझं बोट काही त्या बटणावर गेलं नाही. मी स्वतःला समजावलं की पत्ते तर बदलणारच आहेत, हा निरोप जाणार कुठे? नव्या आवृत्तीच्या माहितीपत्रकात एक ओळ होती, सुरू होताना थांबलेले निरोप पहिल्यापासून सगळ्यांना पुन्हा जातील, अशी. ती मी वाचलेली होती. मी खिडकी बंद केली आणि एकतिसाव्या पायरीपुढे "झालं" लिहिलं.

रविवारी सकाळी आई नर्मदेच्या ग्वारीघाटावर दिवा सोडायला गेली, बाबांना मी डायलिसिसच्या चार नंबरच्या खुर्चीवर बसवलं आणि दोन मजले वर कॉम्प्युटर विभागात गेले. रविवारी त्या मजल्यावर कुणी नसतं. रिकाम्या टेबलांवर पंखे चालू होते आणि मशीनच्या खोलीतून ती एकसुरी घरघर येत होती. साडेदहाला आम्ही जुनं मशीन थांबवलं. सगळे विभाग कागदावर लिहू लागले. अकरा वाजून दहा मिनिटांनी मी नवं मशीन सुरू केलं.

अजून कुठल्याही विभागाला आत सोडलं नव्हतं. नोंदणीची खिडकी बंद होती. पडद्यावर गेलेल्या निरोपांचा आकडा शून्य दिसायला हवा होता. तो एक झाला. मग पोचा यायला लागल्या. नोंदणी, औषधं, रक्तपेढी, डायलिसिस. थोडं थांबून पाचवी हिरवी खूण आली, शवागाराची. इतक्या वर्षांत नवी आवृत्ती चढवताना शवागाराची पोच मी पहिल्यांदा पाहत होते. मी फोनवर टीमला विचारलं, "तुम्ही काही चेक करायला पाठवलं का?" पलीकडून कुणीतरी "शायद" म्हणालं. मी तेवढ्यावर समाधान मानलं आणि सगळ्या विभागांना आत सोडलं. माणसाला जे ऐकायचं असतं ते त्याला अर्ध्या शब्दात ऐकू येतं.

पावणेबाराला बाबांचा फोन आला. त्यांचा आवाज अगदी हळू होता, शेजारच्या कुणाची झोप मोडू नये तसा.

"बेटा, खाली ये जरा. मला न्यायला आले आहेत."

मी जिन्याने धावत गेले. चार नंबरच्या खुर्चीपाशी दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन उभे होते, स्ट्रेचरवर घडी केलेली पांढरी चादर. त्यांच्या हातात शवागारातून छापून आलेली चिठ्ठी होती. बाबांच्या दंडातून दोन लाल नळ्या मशीनमध्ये जात होत्या, मशीन नेहमीसारखं फिरत होतं, पण खुर्चीवरच्या पाटीवरचं त्यांचं नाव गेलं होतं. तिथे लिहिलं होतं, "उपलब्ध".

"दीदी, बॉडी यहीं से उठानी है," त्यातला वयस्कर म्हणाला. "चार नंबर लिखा है।"

"चार नंबर मैं ही हूँ, भैया," बाबा म्हणाले. "थोड़ा टाइम बाकी है। दो घंटे।"

तो माणूस हसला नाही. त्याने चिठ्ठी पाहिली, बाबांकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठी पाहिली, आणि एक पाऊल मागे सरकून त्याने चक्क हात जोडले. मला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी भयंकर भीती वाटली. मी त्यांना ओरडून बाहेर काढलं. मागे वळले तर बाबा आपल्या मोबाइलवर आलेला मेसेज वाचत होते. हॉस्पिटलकडून शोकसंदेश आला होता, त्यांच्याच नावाने, त्यांच्याच नंबरवर. कार्डावरचा दुसरा नंबर आईचा होता, तिलाही तोच मेसेज गेला होता.

बाबांचा फोन लगेच वाजला. आई घाटावरून परतत होती. बाबांनी "हॅलो" म्हटलं. पलीकडून काही आलं नाही. त्यांनी पुन्हा "हॅलो, अगं मी आहे" म्हटलं. मग आईचा आवाज आला, मला शेजारी उभं राहून ऐकू येत होता. "कोण बोलून राहिलं?" तिने तीनदा विचारलं. बाबा तीनदा म्हणाले, मी. तिने फोन ठेवून दिला.

वर जाऊन मी नोंद उघडली आणि काय झालं ते मला एका मिनिटात कळलं: मी न पुसलेला निरोप नकलेसोबत नव्या मशीनमध्ये आला होता आणि खऱ्या पत्त्यांवर गेला होता. हॉस्पिटलच्या नोंदी सांभाळणाऱ्या दीदी, निवृत्तीला आलेल्या, रविवार असून माझ्यासाठी आल्या होत्या. आम्ही दोघी एका टेबलाशी बसलो. मृत्यू परत घेण्याचा निरोप आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच. कुणाला त्याची गरजच कधी वाटली नव्हती. मेलेल्याचं कार्ड कुलूपबंद होतं, ते उघडायला समिती, सह्या, महिने. बंद कार्डावर औषध विभाग सुई देत नाही, डायलिसिसची पाळी लागत नाही. मंगळवारी बाबांना खुर्ची मिळणार नव्हती, आणि मंगळवार चुकला की गुरुवारपर्यंत काय होतं हे आम्हाला डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

एक रस्ता होता आणि तो माझ्या यादीत लिहिलेला होता. मागे फिरणं. दोन वाजेपर्यंत सगळं अकराच्या आधीच्या स्थितीत नेता येणार होतं. बाबा उठून बसले असते. पण अकरानंतरचं सगळं सगळ्यांचं पुसलं गेलं असतं.

"दूसरों का कागज़ से फिर भर लेंगे," दीदी म्हणाल्या. मग त्यांनी रक्तपेढीचा पडदा माझ्याकडे वळवला. प्रसूतिगृहातल्या एका बाईसाठी दोन पिशव्या जुळवून ठेवल्या होत्या आणि ती आत्ता ऑपरेशनच्या टेबलावर होती. "इसका बीच में गायब हो गया तो?" त्या म्हणाल्या. "आप बोलो। फ़ैसला आपका है।"

मी खाली गेले. खरं सांगते, मी बाबांना विचारायला गेले नव्हते. मी त्यांच्याकडून परवानगी काढायला गेले होते, मागे फिरण्याची. मी सगळं सांगितलं, ती बाई सोडून. त्यांनी विचारलं, "बाकीच्यांचे बरोबर चालून राहिले?" मी हो म्हटलं. "मग मागे काहून फिरून राहिली?" मला त्या बाईबद्दल सांगावं लागलं.

त्यांनी मशीनच्या फिरत्या चाकाकडे पाहिलं. "कारखान्यात लॉट पास झाला आणि त्यातला एक नग खराब निघाला," ते म्हणाले, "तर पूर्ण लॉट परत नाही पाठवत. नग बाजूला काढायचा, लाल खूण करायची, लॉट जाऊ द्यायचा."

"बाबा, नग तुम्ही आहात."

"मला माहीत आहे कोण आहे. वरती जा."

दोन वाजायला दहा मिनिटं असताना मी टीमला पुढे चला म्हणून सांगितलं. पडद्यावर सगळं हिरवं होतं. टीमने अभिनंदन केलं.

संध्याकाळी दीदींनी बाबांची नवी नोंदणी केली. नाव तेच, जन्मतारीख मात्र घरची, कारण शाळेची तारीख टाकली की यंत्रणा म्हणायची, ही व्यक्ती मृत आहे. "पहले कभी यहाँ इलाज हुआ?" या रकान्यात नाही असं भरावं लागलं. सल्फाची ॲलर्जी मी हाताने पुन्हा लिहिली आणि तीनदा तपासली. मंगळवारी त्यांना खुर्ची मिळाली. तिथल्या नव्या टेक्निशियनने कागद पाहून विचारलं, "बाबूजी, पहली बार?" बाबा म्हणाले, "हाँ।" त्याने त्यांना घाबरू नका म्हणून सांगितलं.

मी समजत होते की प्रकरण इथे संपलं. घरात ते संपलं नाही. आई बाबांना काहीबाही विचारू लागली, सहज विचारल्यासारखं. आपल्याकडे गॅस कुठल्या वर्षी आला, माझ्या बारशाला कोण आलं नव्हतं. बाबांनी बरोबर उत्तर दिलं की मान हलवायची आणि थोड्या वेळाने दुसरं विचारायची. त्यांची जेवायची जागा तिने बदलली. दक्षिणेकडे तोंड येतं म्हणाली, जे इतकी वर्षं येत होतं. एकदा ती मला हळूच म्हणाली, "हे तेच आहेत ना?" मी चिडून म्हटलं, "मग कोण असेल?" ती म्हणाली, "तुला माहीत. तूच नवीन नाव चढवून आली."

बाबाही जुन्या कार्डाबद्दल दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं बोलू लागले. हॉस्पिटलच्या महिन्याच्या मृत्यूंच्या यादीत त्यांचं नाव आलं, तेव्हा म्हणाले, "चलो, त्याचं काम तर झालं." मला ते ऐकवत नसे. प्रॉडक्शनमध्ये मी शोधलं की दोघंही दिसायचे, एकाखाली एक. वरच्याला सगळा इतिहास होता, खालच्याला काहीच नव्हतं.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी, डायलिसिस झाल्यावर, आम्ही हॉस्पिटलच्या आवारात गाडीत बसलो होतो. चक्कर थांबेपर्यंत ते तसेच बसतात. दुपारचे तीन वाजले असतील. त्यांनी डोळे मिटलेले होते.

"तुझ्या यादीत ते रिकामं करायचं लिहिलं नव्हतं काय?" त्यांनी विचारलं.

इतके दिवस मी सगळ्यांना पद्धतीची चूक म्हणून सांगितलं होतं. अहवालातही तेच लिहिलं होतं.

"लिहिलं होतं," मी म्हटलं.

"मग?"

"पुसायचं का म्हणून विचारत होतं. तुमचं नाव होतं. माझ्याने दाबवलं नाही."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, रागावतील. तपासनीस माणूस, न केलेल्या पायरीपुढे "झालं" लिहिणं त्यांच्या लेखी चोरीपेक्षा वाईट. ते म्हणाले, "मागच्या आठवड्यात डॉक्टरने विचारलं. पुढेमागे अंगाने मशीन घ्यायला नाही म्हटलं, शुद्ध गेली, तर बंद करायचं कोणाला विचारून. तुझ्या आईला विचारू नका म्हटलं मी. तिच्याने होणार नाही. तुझं नाव दिलं."

आवारात एक बाई नारळपाणी पीत उभी होती. मला एकदम त्यांच्यावर संताप आला, माझ्यावरही आला.

"तेव्हा दाबशील ना?" ते म्हणाले.

"बाबा, चला आता घरी."

"सांग."

"हो."

"एकदा म्हटल्याने पास नाही होत. पुन्हा म्हण."

मी पुन्हा हो म्हटलं. पहिल्यांदा म्हणताना माझा आवाज फुटला होता. दुसऱ्यांदा तो अगदी सरळ निघाला, आणि मला माझीच भीती वाटली.